चाल ओळखीची, शब्द नवे: विडंबनगीतांच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

लोकप्रिय गाण्याच्या चालीवर विनोदी शब्द बसवण्याची हौस मराठी समाजात जुनी आहे. शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातला करमणुकीचा कार्यक्रम, कार्यालयातला निरोप समारंभ, निवडणुकीची प्रचारगाडी, अशा प्रत्येक ठिकाणी ही गाणी ऐकू येतात. त्यांना आपण सरसकट विडंबनगीते म्हणतो, हसतो आणि विसरतो. गेल्या दहा वर्षांत मात्र अशा काही गाण्यांनी महापालिका, पोलीस, संगीत कंपन्या आणि उच्च न्यायालय या सगळ्यांना कामाला लावले. त्यामुळे जुनेच प्रश्न नव्याने उभे राहिले. विडंबनगीत ही साहित्यकृती मानायची की केवळ गंमत? मूळ कवी आणि संगीतकार यांचा त्यावर हक्क किती? आणि कोणाला हसावे, याला काही मर्यादा असावी का?

हा आढावा शहपुऱ्यातून लिहिला आहे, यालाही कारण आहे. जबलपूर जिल्ह्यातले हे गाव हिंदी मुलखात आहे. पण जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांताचा भाग होते, आणि त्याआधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, जबलपुरावर आधी सागरच्या मराठ्यांचा आणि मग नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. महाराष्ट्राबाहेरच्या अशा पट्ट्यात मराठी माणसाच्या कानावर दिवसभर हिंदी सिनेमाची चाल असते आणि थट्टा मात्र घरच्या भाषेत सुचते. हिंदी चाल आणि मराठी शब्द ही जोडी आज महाराष्ट्रातल्या विडंबनगीतांतही सर्रास दिसते. हिंदी प्रदेशाची स्वतःची व्यंग्यपरंपराही इथे शेजारीच आहे. हरिशंकर परसाईंचे (१९२४–१९९५) बहुतेक लेखन जबलपुरात झाले. त्यांच्या गाजलेल्या सदराचे नाव ‘सुनो भाई साधो’ होते. कबीराच्या पदांतले सर्वांना पाठ असलेले संबोधन त्यांनी राजकीय-सामाजिक व्यंग्यासाठी घेतले. ओळखीचा सूर घेऊन अनपेक्षित गोष्ट सांगायची, ही विडंबनगीताची मूळ युक्ती त्या तीन शब्दांतही आहे.

चाल उसनी घेण्याची परंपरा

विनोदाचा विचार करण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे की तयार चालीवर नवे शब्द रचणे मराठीत कधीच कमीपणाचे मानले गेले नाही. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या गाण्यांचे साचे घेऊन भारुडे रचली. त्यांत सोंगाची गंमत आहे, पण हेतू अध्यात्माचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातली पदे साकी, दिंडी, लावणी अशा प्रेक्षकांच्या ओळखीच्या चालींवर बेतलेली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’पासून पारशी-हिंदुस्थानी चाली मराठी नाटकात आणल्या. मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारा लेखकच मराठी नाट्यगीतात परप्रांतीय चाली रुजवणारा होता, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१८९४ पासून गणेशोत्सवात मेळे सुरू झाले आणि लोकप्रिय चालींवर राजकीय पदे गाण्याची प्रथा पडली. पुढे आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी ओळखीच्या चालींतून प्रबोधन घरोघर नेले. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्यातल्या अण्णाभाऊ साठे यांनी विरहाच्या छक्कडीचा घाट संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी वापरला. हे काही विडंबन नव्हे. पण ऐकणाऱ्याला आधीपासून पाठ असलेली चाल हे निरोप पोचवण्याचे किती प्रभावी साधन आहे, हे या सगळ्यांनी सिद्ध केले. विडंबनगीताने हेच साधन हसवण्यासाठी घेतले.

अत्रे आणि ‘झेंडूची फुले’

मराठीत विडंबनाला स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून उभे केले ते प्रल्हाद केशव अत्रे यांनी. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी लिहिलेल्या विडंबनकविता ‘झेंडूची फुले’ या संग्रहात १९२५ मध्ये आल्या. त्याआधी दोनच वर्षे, १९२३ मध्ये, पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे त्यातले प्रमुख कवी. कवितेचे जाहीर गायन, प्रेमाची हळवी कबुली, फारसी शब्दांची पखरण, कवीने स्वतःकडे घेतलेला मोठेपणा, या त्या काळच्या लकबी अत्र्यांनी अचूक टिपल्या आणि वाढवून दाखवल्या. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ची आणि समर्थांच्या ‘मनाच्या श्लोकां’ची विडंबनेही त्यांनी केली. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात त्यांनी असाच एक कवी, भद्रायु, रंगमंचावर उभा केला.

अत्र्यांचे यश नुसत्या थट्टेचे नव्हते. ‘आम्ही कोण?’ शार्दूलविक्रीडितात आहे, ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात. अत्रे वृत्त मोडत नाहीत. भारदस्त वृत्त तसेच ठेवून त्यात क्षुल्लक विषय घालतात, आणि हसू त्या विसंगतीतून येते. त्यांचे एक लक्ष्य असलेले माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे ‘छंदोरचना’ या मराठी छंदःशास्त्रावरच्या पायाभूत ग्रंथाचे कर्ते. म्हणजे विडंबनकार आणि ज्याचे विडंबन झाले तो कवी, दोघेही रचनेच्या बाबतीत काटेकोर होते. त्या वादाची पातळी त्यामुळे उंच राहिली.

‘झेंडूच्या फुलां’कडे समीक्षेने दोन दृष्टींनी पाहिले आहे. एका मतानुसार हे सर्जनशील समीक्षेचे उत्तम उदाहरण आहे. लांबलचक टीकालेखाला जे साधले नसते ते एका कवितेने साधले आणि पुढच्या कवींना आपल्या लकबींकडे सावधपणे पाहावे लागले. दुसऱ्या मतानुसार त्यात अन्यायही झाला, कारण वाचकाच्या मनात मूळ कवितेपेक्षा तिचे व्यंगचित्र जास्त ठसले. दोन्ही मतांना आधार आहे. आज अनेक वाचकांना विडंबन आठवते आणि ज्या कवितेचे ते झाले ती आठवत नाही.

अत्र्यांनंतरचा प्रवास

पुढच्या काळात दोन प्रवाह वेगळे झाले. पहिला साहित्यातला. १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये बा. सी. मर्ढेकरांनी ओवी-अभंगाचे साचे यंत्रयुगातल्या माणसाची कोंडी सांगण्यासाठी वापरले. तिथे जुन्या घाटाचा वापर उपरोधासाठी आहे, पण हसवण्यासाठी नाही. मंगेश पाडगावकरांनी वात्रटिका रुळवल्या. रामदास फुटाणे यांनी राजकीय भाष्यकवितेला ‘भारत कधी कधी माझा देश आहे’ या कार्यक्रमातून रंगमंच दिला. या लेखनाने विशिष्ट कवितेला लक्ष्य करणे कमी केले आणि समाजाकडे मोर्चा वळवला.

दुसरा प्रवाह गाण्यांचा. सिनेमा, रेडिओ, कॅसेट आणि मग दूरचित्रवाणी यांनी एकच चाल लाखो घरांत पोचवली. पूर्वी विडंबनकाराला वाचकाच्या पाठांतरावर विसंबावे लागे. आता गाण्याचा मुखडा सुरू होण्याआधीच, नुसत्या वाद्यमेळाच्या सुरुवातीवर, श्रोता चाल ओळखतो. ‘फू बाई फू’, ‘चला हवा येऊ द्या’ अशा कार्यक्रमांनी गाण्यांची मोडतोड हे प्रहसनाचे नेहमीचे अंग केले. समाजमाध्यमांनी त्यात शेवटचा अडथळाही दूर केला. आज घरी ध्वनिमुद्रित केलेले विडंबनगीत संध्याकाळपर्यंत राज्यभर फिरते.

कारागिरी: काय साधते, काय फसते

या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाजू रचनेची आहे. विडंबनगीत सोपे वाटते, पण त्याच्या अटी कठीण असतात. वृत्तात अक्षर किंवा मात्रा मोजता येतात. गाण्यात सूर कुठे लांबतो, सम कुठे येते, गायक श्वास कुठे घेतो, हेही पाहावे लागते. लांबलेल्या सुरावर ऱ्हस्व स्वराचा शब्द आला की तो गाताना ओढावा लागतो आणि कानाला खटकतो. समेवर ‘आणि’, ‘पण’ असा किरकोळ शब्द आला की विनोदाचा जोर जातो. हसू पिकवणारा शब्द ओळीच्या शेवटी आणि समेवर यावा, हे अनुभवी रचनाकार जाणतात.

हिंदी चालीवर मराठी शब्द बसवताना आणखी एक अडचण येते. हिंदीत ‘रास्ते पर’, ‘घर में’ असे विभक्तीचे शब्द सुटे राहतात आणि त्यांना स्वतःचा सूर मिळतो. मराठीत ‘रस्त्यावर’, ‘घरात’ असा एकच शब्द होतो आणि मूळ रूपही बदलते. त्यामुळे ओळीतली वजने सरकतात. शिवाय मराठीत ‘-ला’, ‘-ने’, ‘-त’ अशा प्रत्ययांचे यमक फुकट मिळते, आणि फुकट मिळालेल्या यमकाने ऐकणारा चकित होत नाही. चांगला रचनाकार प्रत्ययावर न थांबता मूळ शब्दात यमक शोधतो.

आणखी एक कसोटी ध्वनिसाम्याची. मूळ मुखड्यातले बहुतेक उच्चार राखून एकदोन अक्षरेच बदलली, तर ऐकणाऱ्याच्या मनात दोन गाणी एकाच वेळी वाजतात. ही दुहेरी जाणीव हा विडंबनगीताचा खरा आनंद आहे. नुसती चाल घेऊन मूळ शब्दांशी काहीच नाते न ठेवणारे गीत चांगले असू शकते, पण ते वेगळ्या जातीचे असते. या जातिभेदाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि पुढच्या सगळ्या वादांतला गोंधळ त्यातूनच निघतो. एका जातीचे गीत मूळ गाण्यावर बोलते. त्याच्या भाबडेपणावर, ठरावीक उपमांवर, दिमाखावर बोट ठेवते. दुसऱ्या जातीचे गीत मूळ गाण्याच्या खांद्यावर बसून तिसऱ्याच कोणावर बोलते: खड्ड्यांवर, महागाईवर, नेत्यावर.

मुख्य भूमिका

या विषयावरच्या मतांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात.

पहिली भूमिका मूळ कृतीच्या प्रतिष्ठेची. गाणे हे कवी, संगीतकार आणि गायक यांच्या वर्षानुवर्षांच्या साधनेचे फळ असते. भक्तिगीत असेल तर त्यामागे श्रद्धाही असते. एकदा विडंबन रुळले की मूळ गाणे ऐकताना तेच आठवते, आणि ही हानी भरून येत नाही, असे हे लोक म्हणतात. त्यांची तक्रार हळवेपणाची म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. विडंबनाने मूळ कवितेची स्मृती झाकोळल्याचे उदाहरण आपण वर पाहिलेच.

दुसरी भूमिका विडंबनाच्या स्वातंत्र्याची. जे लोकांच्या मनात खोल रुजले आहे त्याचेच विडंबन होते, म्हणून विडंबन ही लोकप्रियतेची पावती आहे. ‘मनाचे श्लोक’ तीन शतकांहून अधिक काळ टिकले आहेत आणि अत्र्यांच्या विडंबनानंतरही घराघरांत म्हटले जातात. शिवाय ज्यांच्या हाती वर्तमानपत्र किंवा वाहिनी नाही अशांना आपले म्हणणे मांडायला ओळखीची चाल हे स्वस्त आणि परिणामकारक साधन मिळते. साधनाचा मार्ग बंद केला तर बोलणेच बंद होते, असा या बाजूचा मुद्दा आहे.

तिसरी भूमिका लक्ष्याची. हे लोक विडंबनाला विरोध करत नाहीत. हसण्याचे ओझे कोणावर पडते, एवढेच विचारतात. दूरचित्रवाणीवरच्या अनेक विडंबनगीतांत बाईचे वजन आणि रंग, ग्रामीण बोली, घरकाम करणाऱ्यांचे उच्चार किंवा पुरुषाने नेसलेले लुगडे हेच विनोदाचे भांडवल असते. बलवंतावर हसणे आणि दुबळ्यावर हसणे यांचे नैतिक मूल्य एक नाही. याला उत्तर देणारे म्हणतात की विनोदाला आधीच ठरवलेली यादी लावली तर विनोद मरतो, आणि बलवान कोण हे प्रसंगानुसार बदलते. हा वाद प्रामाणिक आहे आणि दोन्ही बाजूंना त्यात काही तरी गमवावे लागते.

कायद्याची बाजू

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. कलम ५२ खाली टीका किंवा समीक्षा यासाठी केलेल्या रास्त वापराला मुभा आहे, आणि विडंबनकाराला आपला बचाव तिथेच शोधावा लागतो. कलम ५७ लेखकाला वेगळा विशेष हक्क देते: कृतीचे असे विरूपण झाले की ज्याने त्याच्या मानाला किंवा कीर्तीला बाधा येईल, तर तो दाद मागू शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१क नुसार ठरावीक शुल्क भरून जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढता येते. मात्र मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे होऊन गेलेली असावी लागतात, आणि हक्कधारकाच्या संमतीशिवाय शब्दांत वा संगीतात बदल करता येत नाही. म्हणजे हा मार्ग विडंबनकाराला उघडा नाही.

न्यायालयाचा एक निकाल नेहमी दाखल्याला घेतला जातो. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि मूळ कृतीशी स्पर्धा होते का, या तीन कसोट्या लावून प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘ओह, प्रिटी वूमन’ या गाण्याच्या विडंबनाच्या खटल्यात त्याआधीच एक भेद स्पष्ट केला होता: मूळ गाण्यावर भाष्य करणाऱ्याला त्यातला अंश घेणे अपरिहार्य असते, केवळ साधन म्हणून गाणे घेणाऱ्याला मात्र ते का घेतले याचे समर्थन द्यावे लागते. वर सांगितलेला जातिभेद तो हाच. कॅनडाने २०१२ मध्ये आणि ब्रिटनने २०१४ मध्ये कायद्यातच विडंबनाला नाव घेऊन जागा दिली.

मुदतीचा हिशोबही उद्बोधक आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. केशवसुत १९०५ मध्ये आणि माधव जूलियन १९३९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या कविता आज सर्वांच्या आहेत. अत्रे १९६९ मध्ये वारले, म्हणून त्यांची विडंबने २०२९ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. मूळ कविता मोकळी आणि तिचे विडंबन राखीव, अशी ही स्थिती आहे.

व्यवहारात मात्र बहुतेक वाद न्यायालयापर्यंत जात नाहीत. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा मूळ ध्वनी ओळखते आणि हक्कधारकाला चित्रफीत रोखण्याचा किंवा तिचे उत्पन्न घेण्याचा पर्याय देते. गीत टीका करते की नुसती नक्कल, हे त्या यंत्रणेला ऐकू येत नाही.

सत्ता आणि गाणे

दुसऱ्या जातीच्या गीतांची दोन अलीकडची उदाहरणे या चर्चेत टाळता येत नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात रेडिओ निवेदिका मलिष्का यांनी त्या वेळी तोंडोतोंडी असलेल्या ‘सोनू’ गाण्याच्या चालीवर मुंबईच्या खड्ड्यांवर आणि महापालिकेवर गीत केले. काही नगरसेवकांनी महापालिकेने ५०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा करावा अशी मागणी केली. त्याच सुमारास त्यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस महापालिकेने दिली आणि या दोन गोष्टींचा संबंध आहे का यावर बराच वाद झाला. पुढच्या वर्षी ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’च्या चालीवर त्यांचे दुसरे गीत आले.

मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांनी ‘दिल तो पागल है’मधल्या गाण्याच्या चालीवर एकनाथ शिंदे यांच्यावर, नाव न घेता, गीत सादर केले. कार्यक्रमाची जागा असलेल्या खार इथल्या स्टुडिओची शिवसैनिकांनी तोडफोड केली. कामरा यांच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि तोडफोड करणाऱ्यांवरही. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका प्रलंबित असेपर्यंत अटक करू नये असे सांगितले, तपास मात्र थांबवला नाही. त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या एका गाण्यावरून टी-सीरीजने हक्कभंगाची सूचना दिल्याचे कामरा यांनी जाहीर केले. समर्थकांच्या मते ही राजकीय भाष्याची रास्त रीत होती. विरोधकांच्या मते ती व्यक्तीची बदनामी होती. एकाच कार्यक्रमावर एकीकडून फौजदारी कायदा आणि दुसरीकडून कॉपीराइट कायदा चालून आला, हे या प्रकरणाचे वेगळेपण आहे.

अजून न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न कायद्याचा. केवळ साधन म्हणून चाल घेणाऱ्या उपहासगीताला भारतात रास्त वापराचे संरक्षण मिळते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णायक निकाल नाही. केरळचा निकाल नाटकाविषयी आहे, गाण्याविषयी नाही. कलम ५७ मधला लेखकाचा मान आणि कलम ५२ मधले टीकाकाराचे स्वातंत्र्य समोरासमोर आले तर कोणाचे पारडे जड, हेही स्पष्ट नाही.

दुसरा प्रश्न रुचीचा. भक्तिगीताचे विडंबन आणि प्रेमगीताचे विडंबन एकाच मापाने मोजायचे का? अत्र्यांच्या काळाने समर्थांच्या श्लोकांचे विडंबन पचवले. आज तसे होईल की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही.

तिसरा प्रश्न नोंदीचा. छापील विडंबनकविता ग्रंथालयात सापडतात. मेळ्यांची पदे, संमेलनांतली गाणी, प्रचारगीते आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींनी हिंदी चालींवर रचलेली गीते मात्र वह्यांत आणि मोबाइलमध्ये पडून आहेत. ती गोळा झाली नाहीत तर या प्रकाराचा इतिहास ‘झेंडूच्या फुलां’पुरताच लिहिला जाईल.

चौथा प्रश्न समीक्षेचा, आणि बाकीच्या प्रश्नांची वाट त्यातूनच जाते. विडंबनगीताविषयी बोलताना आपण ते कोणाला झोंबले हे आधी विचारतो, ते कसे रचले आहे आणि कोणावर बोलते हे नंतर, किंवा विचारतच नाही. मूळ गाण्यावर भाष्य करणारे गीत त्या भाष्याच्या नेमकेपणावर जोखले पाहिजे. चाल साधन म्हणून घेणारे गीत त्याच्या लक्ष्याच्या निवडीवर आणि आरोपाच्या खरेपणावर जोखले पाहिजे. दोन्हींना रचनेची शिस्त सारखीच लागू आहे. न्यायाधीशाला, संपादकाला आणि श्रोत्यालाही हा फरक आधी करावा लागेल. तो केला की वरचे तीनही प्रश्न सुटणार नाहीत, पण नीट विचारता येतील. शंभर वर्षांपूर्वी अत्र्यांनी हा प्रकार मराठीत गंभीरपणे हाताळण्याजोगा करून ठेवला. त्याच्याकडे तितक्याच गांभीर्याने पाहणारी समीक्षा ही आता मराठीची गरज आहे.